उतरायचे कोणत्या बाजूला?

मुंबईच्या लोकलमध्ये नवखा माणूस ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जुना प्रवासी पुढच्या माणसाला विचारतो, "उतरणार का?" नवखा विचारतो, "दादर कुठल्या बाजूला येतं?" पहिला रांगेतली आपली जागा पक्की करत असतो; दुसऱ्याला आपली रांग कोणती हेच अजून ठाऊक नसते. संशोधनासाठी मी मुंबईत आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न विचारायला विसरलो. गाडी थांबली तेव्हा फलाट माझ्या पाठीमागे होता आणि मध्ये साठ-सत्तर माणसे. उतरलो तो पुढच्या थांब्यावर.

डावे-उजवे आपण पहिलीच्या वर्गात शिकवतो आणि तो विषय तिथेच संपवतो. पण गाडीने प्रवाशाला उतरण्याची बाजू कशी कळवावी, या साध्या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात एका भीषण अपघाताने झालेली आहे.

एसटीच्या प्रवाशाला हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, थांबा डावीकडे असतो, म्हणून दारही डावीकडेच. (पुण्यात बीआरटीचे थांबे रस्त्याच्या मधोमध आले, तेव्हा मात्र बसला उजवीकडेही दार करावे लागले.) रेल्वेचे तसे नाही. रुळांच्या कोणत्या अंगाला फलाट बांधायचा हे गाव कुठे आहे, ओढा कुठे आहे, मोकळी जागा कुठे आहे यावर ठरते. त्यामुळे डब्याला दोन्ही बाजूंना दारे ठेवणे भाग असते. दोन दारे म्हणजे दोन शक्यता. त्यांपैकी एक फलाटाची. दुसरीकडे बहुधा खडी, खाली मोठी उडी आणि शेजारच्या रुळावरून येणारी दुसरी गाडी.

यावर युरोपातील सुरुवातीच्या काही रेल्वे कंपन्यांनी शोधलेला उपाय अगदी सरळ होता : कुलूप. गाडी सुटण्यापूर्वी रेल्वेचा माणूस डब्यांची दारे बाहेरून बंद करून किल्ली फिरवी. चालत्या गाडीतून कोणी उडी मारू नये आणि भलत्या बाजूला उतरू नये, हा त्यामागचा हेतू. स्थानक आले की योग्य बाजूचे दार उघडले जाई. प्रवाशाला काही कळवण्याची गरजच नव्हती. जे दार उघडेल ती बाजू.

८ मे १८४२ रोजी, रविवारी, व्हर्सायमध्ये राजाच्या सन्मानार्थ उत्सव होता. तिथल्या बागेतली कारंजी पाहून पॅरिसला परतणाऱ्या लोकांनी संध्याकाळची गाडी खच्चून भरली होती. गाडीला पुढे दोन इंजिने जोडली होती. वाटेत पहिल्या इंजिनाचा आस तुटला, दुसरे इंजिन त्यावर आदळले, मागचे लाकडी डबे त्या ढिगावर चढले आणि भट्टीतल्या निखाऱ्यांनी पेट घेतला. डब्यांना बाहेरून कुलपे होती. पन्नासाहून अधिक माणसे त्या कुलपांआड जळून मेली. त्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला आणि दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल होता. पत्नी आणि मुलगा त्याच्यासोबत होते. तेही वाचले नाहीत.

या अपघाताने विज्ञानाला एक विषय दिला. चांगल्या लोखंडाचा आस, नेहमीच्याच भाराखाली, एके दिवशी अचानक का तुटावा? पुढल्याच वर्षी स्कॉटलंडचा तरुण अभियंता विल्यम रँकिन याने तुटलेल्या आसांचा अभ्यास मांडला. आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या खांद्यापाशी एक बारीक चीर पडते आणि फेऱ्यांगणिक ती आत सरकत जाते, असे त्याने दाखवले. आज आपण ज्याला धातूचा थकवा म्हणतो, त्याच्या अभ्यासाच्या उगमाशी हे काम आहे. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत व्हर्साय भेटते ते या आसामुळे. कुलपाची गोष्ट तिथे सहसा नसते, आणि मला ती आसाइतकीच महत्त्वाची वाटते.

कारण कुलपांवरचा वाद लगेच इंग्लंडमध्ये पेटला. तिथली ग्रेट वेस्टर्न रेल्वेही प्रवाशांना कुलपात ठेवत असे. सिडनी स्मिथ हे धर्मगुरू आणि आपल्या खोचक लेखणीसाठी प्रसिद्ध असलेले गृहस्थ. त्यांनी 'मॉर्निंग क्रॉनिकल' या वृत्तपत्रात पत्रे लिहून कंपनीला धारेवर धरले. एखादा बिशप किंवा उमराव डब्यात भाजून निघाल्याशिवाय या मंडळींना जाग येणार नाही, असा त्यांचा एकूण सूर होता. कंपन्यांचे म्हणणे असे की उतावळ्या, मूर्ख प्रवाशांना त्यांच्याच भल्यासाठी बंद ठेवावे लागते. स्मिथ यांचा मुद्दा असा की मूर्खांच्या भीतीने शहाण्यांना कोंडणे हा न्याय नव्हे; माणसाला आपल्या जिवाची काळजी स्वतः घेता आली पाहिजे. शेवटी दोन्ही बाजूंना कुलूप लावण्याची पद्धत मागे पडली. फलाटाच्या विरुद्ध बाजूचे कुलूप मात्र इंग्लंडमध्ये त्यानंतरही बरीच वर्षे वापरात राहिले.

तडजोड म्हणून हे वाईट नव्हते. त्या अर्ध्या कुलपात एक संदेशही होता : उघडते ते दार बरोबर, उघडत नाही ते चूक. ना पाटी, ना घोषणा. अक्षरओळख नसलेल्याला, परदेशी माणसाला, अंधारातही हा संदेश कळे. अडचण एवढीच की पुढे एखाद्या स्थानकावर फलाट दुसऱ्या अंगाला आला, की कोणीतरी किल्ली घेऊन धावले पाहिजे.

प्रवासी उघड्यावरून जात होता तोवर निदान त्याला खिडकीतून मान बाहेर काढून फलाट पाहता येई. गाडी जमिनीखाली गेल्यावर तीही सोय गेली. लंडनमध्ये १८९० साली विजेवर चालणारी खोल भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्या डब्यांना खिडक्याच नव्हत्या म्हटले तरी चालेल. छताजवळ अरुंद फटी तेवढ्या होत्या. बोगद्यात पाहण्यासारखे आहे काय, असा विचार त्यामागे होता. आत पाठीला उंच गाद्या. लोकांनी या डब्यांना वेड्यांच्या गादीवजा कोठड्यांचे नाव दिले. आता अशा कोठडीत बसलेल्याला स्थानक कोणते आणि उतरायचे कुठून हे कसे कळावे? त्यासाठी दोन डब्यांमधल्या उघड्या सज्जावर एक माणूस उभा असे. गाडी थांबली की तो मोठ्याने स्थानकाचे नाव पुकारी आणि फलाटाच्या बाजूची लोखंडी जाळी सरकवी. गाडीने प्रवाशाची नजर काढून घेतली आणि तिच्या बदल्यात एक माणूस दिला, असा हा व्यवहार होता.

१९२० नंतरच्या दशकात लंडनच्या भुयारी गाड्यांना दाबलेल्या हवेवर चालणारी दारे बसू लागली. एका बटणासरशी गाडीभरची दारे उघडू लागली आणि सज्जावरची माणसे कमी झाली. खर्च वाचला, वेळ वाचला. पण जाळीवाला माणूस दोन कामे करत होता, जाळी सरकवणे आणि नाव पुकारणे. यंत्राने पहिले काम उचलले. दुसऱ्याकडे लक्ष जायला पुष्कळ वर्षे लागली. यांत्रिकीकरणात हे नेहमी घडते. माणूस जे पगारासाठी करतो ते यंत्राला शिकवले जाते, आणि जे तो जाता जाता करतो ते हरवते.

शिवाय आता चूक करण्याची ताकदही एका हातात आली. पूर्वी एक प्रवासी चुकीचे दार उघडून पडला असता. आता एका चुकीच्या बटणाने सगळ्या डब्यांची दारे बोगद्याच्या भिंतीकडे किंवा शेजारच्या रुळाकडे उघडू शकत होती. म्हणून पुढे फलाट ज्या बाजूला आहे तीच दारे उघडू देणाऱ्या यंत्रणा आल्या. रुळाजवळ बसवलेले उपकरण गाडीला बाजू कळवते आणि दुसऱ्या बाजूचे बटण दाबले तरी निष्फळ ठरते. पण सगळीकडे यंत्रावर भिस्त ठेवलेली नाही. जपानी रेल्वेत कर्मचाऱ्याने सिग्नल, घड्याळ, दार यांच्याकडे बोट दाखवून त्यांची स्थिती मोठ्याने उच्चारण्याची शिस्त विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. पाहणाऱ्याला ती गमतीची वाटते. परंतु १९९४ साली तिथल्या रेल्वे तंत्रसंशोधन संस्थेने केलेल्या प्रयोगात, नुसते पाहून काम करण्याच्या तुलनेत बोट दाखवून आणि बोलून केलेल्या कामात चुकांचे प्रमाण सुमारे एक-षष्ठांशावर आले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने ही रीत १९९६ साली आपल्या पद्धतीने उचलली. फलाटाच्या मध्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक फळी टांगलेली असते. गाडी थांबल्यावर मधल्या डब्यातला कंडक्टर खिडकीतून त्या फळीकडे बोट दाखवतो आणि मगच दारे उघडतो. फळी समोर दिसते आहे याचा अर्थ फलाट याच बाजूला आहे आणि गाडी पूर्ण आत आली आहे.

कर्मचाऱ्याला बाजू कळली. पण प्रवाशाला कशी सांगायची? "डावीकडे" म्हणावे, तर डावीकडे म्हणजे कोणाच्या? समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्या दोघांची डावी बाजू एक नसते. खलाशांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. त्यांनी गलबताच्या नाळेकडे तोंड करून दोन बाजू ठरवल्या आणि त्यांना डाव्या-उजव्याहून वेगळी नावे दिली. इंग्रजीत ती होती स्टारबोर्ड आणि लारबोर्ड. वादळात ओरडून सांगताना ही दोन्ही सारखीच ऐकू येत, म्हणून १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्डऐवजी 'पोर्ट' हा शब्द सक्तीचा केला. आपल्याकडे पाटबंधारे खात्याचीही हीच रीत आहे. धरणाचा डावा कालवा आणि उजवा कालवा ठरतो तो नदीच्या प्रवाहाच्या दिशेने तोंड करून. जायकवाडीचा डावा कालवा गोदावरीच्या डाव्या तीराने जातो. पाहणारा पैठणला कोणत्या बाजूला तोंड करून उभा आहे याला महत्त्व नाही. रेल्वेनेही हाच संकेत घेतला : गाडी ज्या दिशेने जाते आहे तिकडे तोंड करा. जर्मन गाड्यांतल्या घोषणेत 'प्रवासाच्या दिशेने डावीकडे' असे शब्द स्पष्टपणे म्हटले जातात. बाकी बहुतेक ठिकाणी ते गृहीत धरले जाते.

या संकेताचा एक फायदा वर्गात करून पाहण्यासारखा आहे. फळ्यावर दोन समांतर रेषा काढा. हे दोन रूळमार्ग. आपल्या गाड्या डाव्या मार्गाने चालतात, तेव्हा एका रेषेवर वर जाणारा आणि दुसरीवर खाली येणारा बाण काढा. आता दोन्ही रेषांच्या बाहेरच्या अंगांना फलाट काढा. वर जाणाऱ्या गाडीचा फलाट कोणत्या हाताला? डाव्या. खाली येणाऱ्या गाडीचा? तोही डाव्याच. बाहेरचे फलाट पुसून दोन रेषांच्या मध्ये एकच फलाट काढा. आता दोन्ही गाड्यांना तो उजव्या हाताला येईल. चित्र १८० अंशांतून फिरवले तरी उत्तर बदलत नाही. म्हणजे दोनच मार्ग असलेल्या स्थानकासाठी "डावीकडे" किंवा "उजवीकडे" हे एकच उत्तर जाताना आणि येताना, दोन्ही वेळा खरे ठरते. तेच फलाट "पश्चिमेला आहे" असे सांगितले तर जाताना खरे असलेले विधान बाहेरच्या फलाटांच्या बाबतीत येताना खोटे होईल. उंच खांबांवरच्या मेट्रो स्थानकांत फलाट बहुधा बाहेरच्या अंगांना असतात, भुयारी स्थानकांत पुष्कळदा मध्ये. हे लक्षात घेतले तर घोषणा ऐकण्यापूर्वीच अंदाज बांधता येतो.

मुंबईकर या बाबतीत दोन भाषा बोलतो. डब्यात असेपर्यंत तो डावी-उजवीकडे म्हणतो. फलाटावर उतरून पूल चढला की तोच माणूस "पूर्वेला का पश्चिमेला?" विचारू लागतो. जिन्याच्या पायऱ्यांवर कुठेतरी त्याची निर्देशनचौकट गाडीची राहत नाही, पृथ्वीची होते, आणि त्याला याचा पत्ताही नसतो. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. जगात काही भाषा अशा आहेत की त्यांत दुसरी चौकटच पुरते. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडील गुगू यिमिथिर ही त्यांतली एक. इंग्रजीतला 'कांगारू' हा शब्द १७७० साली कॅप्टन कुकच्या मंडळींनी याच भाषेतून उचलला. तिचे परंपरागत भाषक डावे-उजवे न म्हणता उत्तर-दक्षिण म्हणतात, अगदी पायाजवळची मुंगी दाखवतानासुद्धा. आपले तसे नाही. बोगद्यात शिरलेल्या गाडीत पूर्व कोणती हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल.

तरीही "डावीकडे" ऐकून ती बाजू प्रत्यक्षात गाठायला वेळ लागतोच. मेट्रोच्या लांब बाकांवर कोणीच गाडीच्या दिशेने तोंड करून बसत नाही. एका रांगेची 'पुढची' बाजू उजव्या हाताला, समोरच्या रांगेची डाव्या. प्रत्येकाने मनातल्या मनात स्वतःला वळवायचे आणि मग बाजू ठरवायची. अशा मानसिक फिरकीला खरोखरच वेळ लागतो, आणि कोन जेवढा मोठा तेवढा जास्त, हे रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर यांनी १९७१ साली मोजून दाखवले होते. त्यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून दोन्ही आकृत्या एकच आहेत का, असे विचारले. उत्तराला लागणारा वेळ फिरवण्याच्या कोनाबरोबर सरळ रेषेत वाढत गेला.

टोकियोच्या गाड्यांत दारांच्या वर बसवलेल्या पडद्यांनी ही फिरकीच वाचवली. प्रत्येक पडद्याला आपण कोणत्या बाजूच्या दारावर आहोत हे ठाऊक असते. स्थानक जवळ आले की एका बाजूच्या पडद्यांवर "या बाजूची दारे उघडतील" असे येते आणि समोरच्यांवर "समोरच्या बाजूची". डावे नाही, उजवे नाही. व्हर्सायच्या आधीच्या कुलपाचा हा सुधारलेला वंशज म्हणायला हरकत नाही. दार स्वतःच आपली ओळख सांगते, फक्त आता कोणाला कोंडावे लागत नाही.

मग आपल्या लोकलनेच एवढी वर्षे हे काम प्रवाशांवर का सोडले? याचे एक कारण ढिलाई असेल, पण दुसरे कारण गणिती आहे. दिल्लीची मेट्रो २००२ साली आणि मुंबईची २०१४ साली सुरू झाली. अशा मेट्रोचा मार्ग ठरलेला, रूळ दोन आणि सामान्यतः प्रत्येक स्थानकाचा फलाट एकच. स्थानकांची आणि बाजूंची एक यादी गाडीत भरून ठेवली की ध्वनिमुद्रित आवाज दरवेळी बरोबर बाजू सांगतो. लोकलला चार-सहा मार्ग, धीम्या आणि जलद गाड्या, ऐनवेळी या रुळावरून त्या रुळावर वळवलेली गाडी. तीच गाडी त्याच दादरला आज एका बाजूला लागेल आणि उद्या दुसऱ्या. यादीतून वाचलेले उत्तर अशा वेळी चुकते, आणि चुकीची बाजू सांगणारा आवाज हा गप्प राहणाऱ्या आवाजापेक्षा वाईट. शिवाय लोकलची दारे उघडीच असत. दारातला माणूस पुढचा फलाट डोळ्यांनी पाहून मागच्यांना सांगे. तोच आपला जाळीवाला, बिनपगारी.

त्या उघड्या दारांची किंमत आपण जाणतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील चौघे त्याच दिवशी मरण पावले. त्यानंतर बिगरवातानुकूलित लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. बंद दारांची पहिली वातानुकूलित लोकल मुंबईत २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली होती. दारे बंद व्हायलाच हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दारे बंद झाली की दारातला पाहणारा माणूसही जातो, आणि त्याचे काम कोणाला तरी घ्यावे लागते.

माझे एक दृष्टिहीन स्नेही गेली वीस वर्षे लोकलने प्रवास करतात. फलाट कोणत्या बाजूला येणार हे त्यांना बहुधा डोळस माणसांच्या आधी कळते. उघड्या दारातून येणारा चाकांचा खडखडाट फलाटाची भिंत लागताच त्या बाजूला बदलतो, आणि ब्रेक लागल्यावर अंग ज्या दिशेला झुकते ती गाडीची पुढची दिशा. जडत्वाचा नियम आणि कान, एवढ्यावर त्यांचे भागते. वातानुकूलित लोकलमध्ये अंग झुकते, पण खडखडाट आत येत नाही. तिथे त्यांना वीस वर्षांनंतर पुन्हा शेजाऱ्याला विचारावे लागते, "दादर कुठल्या बाजूला येतं हो?"